थायलंड आणि जपान एकाच दौऱ्यात: तिकिटे, व्हिसा आणि खर्चाचा हिशोब

मुंबईहून बँकॉक चार-साडेचार तास, बँकॉकहून टोकियो आणखी सहा तास. नकाशावर दोन्ही देश एकाच वाटेवर दिसतात, म्हणून "जातोच आहोत तर जपानही करू" असा विचार अनेकांच्या मनात येतो. विचार चांगला आहे, पण दोन्ही देशांची नियमावली, हवामान आणि खर्चाची रचना पूर्ण वेगळी आहे. थायलंड ऐनवेळी ठरवला तरी चालतो. जपानला ऐनवेळ चालत नाही. त्यामुळे जोडदौऱ्याची आखणी नेहमी जपानच्या बाजूने सुरू करायची आणि थायलंड त्याच्याभोवती बसवायचा.

खालच्या सगळ्या आकड्यांत १ बाट = २.८० रुपये आणि १ येन = ६० पैसे धरले आहेत. दर रोज हलतात. जायच्या आठवड्यात नवा दर पाहून गुणाकार बदलून घ्या.

१. आधी महिना ठरवा

दोन्हीकडे हवा चांगली असलेला काळ म्हणजे नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरचा पहिला आठवडा. थायलंडमध्ये पाऊस सरलेला असतो आणि क्योतोत मॅपलची पाने लाल होतात. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, तेव्हा दिवाळी आटोपून निघणाऱ्यांना हा मुहूर्त बरोबर सापडतो. बॅगेत मात्र दोन ऋतू भरावे लागतात: बँकॉकला ३२ अंश आणि टोकियोला सकाळी ८-१० अंश.

मुलांची शाळा असलेली घरे एप्रिल-मे धरतात. तिथे दोन खड्डे आहेत. १३ ते १५ एप्रिल हा सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष. त्या सुट्टीत थाई लोक स्वतःच मोठ्या संख्येने जपानला जातात आणि बँकॉक–टोकियो तिकीट नेहमीच्या दीड-दोन पट होते. दुसरा खड्डा २९ एप्रिल ते ५ मेचा जपानी गोल्डन वीक. तेव्हा जपानमधली हॉटेले आणि शिंकानसेन (बुलेट ट्रेन) दोन्ही भरतात. मे महिनाच हवा असेल तर ७ मेनंतर जपानमध्ये उतरा.

फुकेत-क्राबीची बाजू मे ते ऑक्टोबर खवळलेली असते, तर सामुई बेटाकडे पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो. चिआंग माईला फेब्रुवारी अखेरपासून एप्रिलपर्यंत शेत-जंगल जाळल्याचा धूर असतो. दम्याचा त्रास असेल तर त्या काळात तिकडे जाऊच नका. जपानमध्ये ऑगस्टच्या मध्याला ओबोनची, म्हणजे पितरांच्या सणाची गर्दी, ऑगस्ट ते ऑक्टोबर वादळे, आणि २९ डिसेंबर ते ३ जानेवारी बरीच दुकाने-संग्रहालये बंद.

२. रस्ता आखा: जपान आधी, थायलंड नंतर

दोन्ही क्रम चालतात, पण जपान आधी ठेवलेले बरे. जपानमध्ये दिवसाला पंधरा-वीस हजार पावले सहज होतात, स्टेशनातले जिनेच किती चढावे लागतात ते मोजू नका. ही ओढाताण पाय ताजे असताना झालेली बरी, थकवा मग थायलंडच्या समुद्रकिनारी उतरवता येतो. शिवाय थायलंडमधली खरेदी जपानभर वाहून न्यावी लागत नाही.

जपानमध्ये एका शहरात उतरा आणि दुसऱ्या शहरातून उडा. टोकियोत उतरून ओसाकाच्या कन्साई विमानतळावरून निघालात तर शिंकानसेनचे एका बाजूचे भाडे वाचते, म्हणजे माणशी ८,५०० रुपयांच्या आसपास. बँकॉकहून टोकियो, ओसाका, फुकुओका, नागोया, सापोरो अशा पाचही ठिकाणी थेट विमाने असल्यामुळे हे सहज जमते.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: जपानचा पर्यटक ई-व्हिसा एकदाच प्रवेश देतो. टोकियो, मग बँकॉक, मग पुन्हा ओसाका असा मार्ग आखलात तर दुसऱ्या वेळी विमानातच चढू देणार नाहीत.

३. तिकिटे: एकत्र की सुटी?

तीन पद्धती आहेत.

पहिली, एकाच विमान कंपनीचे मुंबई–बँकॉक–टोकियो तिकीट, परतीला बँकॉकमध्ये काही दिवस थांबा घेऊन. थाई एअरवेजवर असे तिकीट 'मल्टी-सिटी' पर्यायातून निघते. महाग पडते, पण उशीर झाल्यास पुढची जबाबदारी कंपनीची आणि सामान थेट शेवटच्या विमानतळावर. वडीलधारी माणसे बरोबर असतील तर हीच घ्या.

दुसरी, मुंबई–बँकॉक जाऊन-येऊन वेगळे आणि बँकॉक–जपान वेगळे. स्वस्तात स्वस्त तिकिटे याच पद्धतीने मिळतात. टोकियोच्या नारिता विमानतळाला झिपएअर, ओसाकाला पीच, शिवाय थाई एअरएशिया एक्स आणि थाई लायन एअर हे बजेट पर्याय आहेत. यात चार सापळे आहेत:

- सामान थेट जात नाही. बँकॉकला थाई इमिग्रेशन ओलांडून, पट्ट्यावरून बॅग उचलून, पुन्हा चेक-इन करावे लागते. दोन विमानांत निदान पाच तास ठेवा. पहिले विमान उशिरा आले तर दुसरी कंपनी तुम्हाला 'आला नाही' अशी नोंद करून मोकळी होते, पैसे बुडतात. जपान आधी करणार असाल तर बँकॉकला एक रात्र काढणे हाच खरा विमा.
- विमानतळ दोन आहेत. भारतातून येणारी बहुतेक विमाने सुवर्णभूमीला उतरतात, पण थाई एअरएशिया एक्स आणि थाई लायन डॉन म्युआंगवरून उडतात. दोन्हींमध्ये चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आणि बँकॉकची वाहतूक आहे. पुढच्या तिकिटावर मोफत बस मिळते, तरी अशा वेळी सहा-सात तासही कमीच.
- वजनाची मर्यादा जुळत नाही. मुंबई–बँकॉकला २० किंवा ३० किलो मिळतात. बजेट विमानात फक्त केबिनचे ७ किलो, बाकी विकत. सामान तिकिटाबरोबरच घ्या, काउंटरवर तेच दुपटीहून महाग पडते. आणि ७ किलो म्हणजे ७ किलो, गेटवर काटा असतो.
- नाव पासपोर्टसारखेच हवे. आपल्याकडे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये असते. एका तिकिटावर ते आहे, दुसऱ्यावर नाही, असे करू नका. तिन्ही तिकिटे आणि व्हिसा अर्ज, सगळीकडे पासपोर्टवरचीच अक्षरे.

तिसरी पद्धत, दिल्लीहून टोकियोच्या हानेदा विमानतळाला थेट जाणे आणि येताना बँकॉकमार्गे मुंबई. एअर इंडिया, जपान एअरलाइन्स आणि एएनए यांची विमाने आहेत. सवलतीच्या काळात हा हिशोब दुसऱ्या पद्धतीच्या जवळ येतो, तेव्हा एकदा ताडून पाहा.

रात्री साडेदहा-अकराला बँकॉक सोडून सकाळी जपानमध्ये उतरणारी विमाने हॉटेलची एक रात्र वाचवतात. पण जपानमध्ये खोली दुपारी ३ ला मिळते, त्याआधी फक्त बॅग ठेवून घेतात. उलट, नारिताला रात्री दहानंतर उतरणारे स्वस्त तिकीट दिसले तर सोडून द्या. नारिता शहरापासून ६० किलोमीटरवर आहे, शेवटची गाडी अकराच्या सुमारास सुटते आणि नंतर टॅक्सीला २०,००० येनहून जास्त लागतात. तिकिटात वाचलेले सगळे पैसे टॅक्सीवाल्याच्या खिशात.

४. जपानचा व्हिसा

भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी १ एप्रिल २०२४ पासून पर्यटक व्हिसा ई-व्हिसाच्या रूपात मिळतो. अर्ज व्हीएफएसच्या (व्हिसा अर्ज गोळा करणारी कंपनी) केंद्रामार्फत करायचा, महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज जपानच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाकडे जातात. "आधी थायलंडला जाऊ, तिथूनच जपानचा व्हिसा काढू" हा बेत चालत नाही. बँकॉकचा जपानी दूतावास थायलंडच्या रहिवाशांचे अर्ज घेतो, पर्यटकांचे नाही.

कागद असे लागतात:

- पासपोर्ट (थायलंडसाठी निदान सहा महिने मुदत शिल्लक, कोरी पाने असलेला)
- अर्ज आणि फोटो, व्हीएफएसच्या मापात
- विमानाचे आरक्षण: मुंबई ते मुंबई, मधल्या थायलंडसकट पूर्ण साखळी
- दिवसवार कार्यक्रम: तारीख, कुठे फिरणार, रात्री मुक्काम कुठे, हॉटेलचा फोन
- हॉटेलची आरक्षणे
- सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, शिक्क्यासह
- तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे
- नोकरीचे पत्र आणि रजेची मंजुरी, किंवा व्यवसायाची नोंदणी
- प्रवासाचा हेतू सांगणारे छोटे पत्र

सर्वांत जास्त अर्ज अडतात ते दिवसवार कार्यक्रमात. त्यातला प्रत्येक मुक्काम हॉटेलच्या कागदाशी तारखेनिशी जुळला पाहिजे. १९ तारखेची रात्र कार्यक्रमात क्योतोला आणि आरक्षण ओसाकाचे, एवढ्यावरही विचारणा होते. थायलंडचे दिवसही रकान्यात लिहा, नाहीतर मुंबई सोडणे आणि टोकियोला उतरणे यांतली पोकळी अधिकाऱ्याला दिसते. हॉटेले मोफत रद्द होणारी घ्या. स्टेटमेंटमध्ये अर्जाच्या आठवडाभर आधी अचानक आलेली मोठी रक्कम असेल तर ती कुठून आली ते पत्रात दोन ओळींत लिहा.

वेळेचे गणित: व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत जपानमध्ये प्रवेश करावा लागतो. म्हणून चार महिने आधी अर्ज करण्यात शहाणपण नाही, आणि दोन आठवडे आधी करणे हा जुगार. प्रवासाच्या सहा ते आठ आठवडे आधी अर्ज द्या.

आता ई-व्हिसाची गोम. विमानतळावर तो फोनवर दाखवायचा असतो, आणि तोही इंटरनेट चालू ठेवून, जपानी परराष्ट्र मंत्रालयाच्या पानावर त्या क्षणी उघडून. पीडीएफ, स्क्रीनशॉट, प्रिंट, काहीच धरत नाहीत. बँकॉकच्या चेक-इन काउंटरवर आणि जपानच्या इमिग्रेशनला, दोन्हीकडे नेट लागेल. घरातल्या चौघांचे व्हिसा एकाच फोनवर असतील तर त्या फोनची बॅटरी हीच तुमची सगळी कागदपत्रे. ई-सिम निघण्यापूर्वी बसवून घ्या, लॉगिनचे तपशील वेगळे लिहून ठेवा.

त्याशिवाय 'व्हिजिट जपान वेब'वर इमिग्रेशन आणि कस्टम्सची माहिती भरून क्यूआर कोड तयार ठेवा. तो नसला तरी कागदी फॉर्म मिळतो, फक्त रांग लांब.

५. थायलंडमध्ये प्रवेश

१५ जुलै २०२४ पासून भारतीय पासपोर्टला ६० दिवसांची व्हिसामाफी मिळू लागली. ही सवलत तिथले सरकार मधूनमधून बदलते, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी दूतावासाचे पान उघडून पाहा.

१ मे २०२५ पासून 'थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड' सक्तीचे आहे. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे, पैसे पडत नाहीत. शोधल्यावर वरती जी पाने येतात त्यांतली कितीतरी दलालांची असतात आणि डॉलरमध्ये पैसे मागतात. सरकारी पत्ता 'डॉट जीओ डॉट टीएच' असा संपतो, तेवढे पाहिले की झाले. जोडदौऱ्यात विसरण्यासारखी गोष्ट अशी: सुटी तिकिटे असतील तर तुम्ही थायलंडमध्ये दोनदा शिरता. कार्डही दोनदा भरायचे.

६. खर्च नेमका कुठे फुगतो

"जपान थायलंडच्या तिप्पट महाग" हे वाक्य येन महाग होता तेव्हाचे आहे. आज दोघांनी एक खोली वापरली आणि साधे पण नीट राहिले, तर माणशी दिवसाचा अंदाज असा:

बँकॉक: खोलीचा अर्धा वाटा ७०० बाट, जेवण ४५०, शहरात फिरणे २००, प्रवेशशुल्क २५०. एकूण १,६०० बाट, म्हणजे सुमारे ४,५०० रुपये.

टोकियो-क्योतो: खोलीचा अर्धा वाटा ६,००० येन, जेवण ३,०००, फिरणे १,०००, प्रवेशशुल्क १,०००. एकूण ११,००० येन, म्हणजे ६,६०० रुपये.

फरक दीडपटीचा. आणि तो सगळीकडे सारखा नाही, हे जास्त महत्त्वाचे.

जेवणात फरक फार नाही. बँकॉकच्या फुटपाथवर पाड थाई ६० ते १०० बाट, म्हणजे १७० ते २८० रुपये. टोकियोत योशिनोया, सुकिया किंवा मात्सुया या साखळी हॉटेलांत भातावर मांसाचे वाडगे ५०० येनच्या आसपास, ३०० रुपये. रामेन ९०० ते १,२०० येन. कन्व्हिनियन्स स्टोअरमधला डबा ५००-७०० येन. जपानमध्ये नळाचे पाणी बिनधास्त पितात, थायलंडमध्ये बाटली घ्यावी लागते.

देवळांत तर उलटा प्रकार. बँकॉकचा ग्रँड पॅलेस ५०० बाट, वाट फो ३००, वाट अरुण २००: एका दिवसात माणशी २,८०० रुपये. क्योतोचे कियोमिझु-देरा ५०० येन, किन्काकु-जी ५०० येन, फुशिमी इनारी फुकट: तीन ठिकाणे ६०० रुपयांत. टोकियोचे सेन्सो-जी आणि मेइजी जिंगूही फुकट. "थायलंड स्वस्त" म्हणून प्रवेशशुल्काचा रकाना कोरा ठेवणाऱ्यांना पहिल्याच दिवशी धक्का बसतो. बेटांवर आणखी: फी फी बेटांच्या सहलीचे पैसे वेगळे आणि राष्ट्रीय उद्यानाचे माणशी ४०० बाट वेगळे. तिथली माया बे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दरवर्षी बंद असते.

मग जपान महाग पडतो कुठे? शहरातून शहरात जाताना. टोकियो–क्योतो नोझोमीचे (सर्वांत वेगवान शिंकानसेन) आरक्षित तिकीट १४,००० येनच्या वर, म्हणजे ८,५०० रुपये. सव्वादोन तासांच्या त्या प्रवासाच्या पैशांत बँकॉकचे जवळजवळ दोन दिवस निघतात. थायलंडमध्ये बँकॉकहून चिआंग माईची रात्रीची स्लीपर गाडी हजार बाटच्या आसपास, २,८०० रुपये, आणि त्यात झोपही होते. (ही गाडी १९ जानेवारी २०२३ पासून क्रुंग थेप अफिवात स्टेशनातून सुटते. जुन्या हुआ लाम्फोंगला जाऊन उभे राहू नका.) अयुथ्या तर तिसऱ्या वर्गाने वीसेक बाटमध्ये होते.

दुसरी जागा खोलीची. जपानी बिझनेस हॉटेलात १२-१४ चौरस मीटर ही नेहमीची खोली. 'सेमी-डबल' लिहिले असेल तर पलंग १२० ते १४० सेंटिमीटर रुंद, दोन मोठ्या माणसांना अडचण आणि दोन मोठ्या बॅगा उघडायला तर जागाच नाही. दर माणसागणिक असतो, तेव्हा आरक्षणात माणसांची खरी संख्या टाका. "दोघांची खोली घेऊ, तिसरा गादीवर" हे आपल्याकडचे जुगाड तिथे काउंटरवरच थांबते. क्योतोत १ मार्च २०२६ पासून मुक्कामाचा कर वाढला आहे: माणशी दर रात्री ६,००० ते २०,००० येनच्या खोलीला ४०० येन, त्यापुढे चढत जाऊन वरच्या टोकाला १०,००० येनपर्यंत.

पूर्ण हिशोब, माणशी, थायलंड ५ दिवस (बँकॉक, अयुथ्या) आणि जपान ७ दिवस (टोकियो, क्योतो, ओसाका):

- मुंबई–बँकॉक जाऊन-येऊन: २४,०००
- बँकॉक–टोकियो आणि ओसाका–बँकॉक, सामानासह, प्रत्येकी ७,००० बाट धरून: ३९,२००
- थायलंडचे ५ दिवस: २२,४००
- जपानचे ७ दिवस: ४६,२००
- शिंकानसेन आणि क्योतो–ओसाका: ८,८००
- विमानतळांवरून ये-जा: २,०००
- व्हिसा, विमा, ई-सिम: ५,०००

बेरीज १,४७,६००, दीड लाख धरा. खरेदी यात नाही. बजेट आवळायचे असेल तर जेवणावर कात्री लावून उपयोग नाही. जपानमधला एक दिवस थायलंडकडे वळवला तर दोन हजार वाचतात, टोकियो गाळून ओसाकातूनच ये-जा केली तर शिंकानसेनचे साडेआठ हजार.

७. जपानमधली रेल्वे: पास घेऊ नका

सात दिवसांचा जेआर पास (जपानभरच्या जेआर रेल्वेचा पर्यटक पास) ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाला. टोकियो–क्योतो जाऊन-येऊन सुटे २८,००० च्या आसपास पडते. टोकियो–हिरोशिमा जाऊन-येऊन धरले तरी ३९,०००-४०,०००. म्हणजे पहिल्या खेपेच्या नेहमीच्या मार्गावर पास वसूल होतच नाही. जुने लेख वाचून तो घेणारे अजून पुष्कळ आहेत. सुटी तिकिटे 'स्मार्ट ईएक्स' ॲपवर भारतीय कार्डाने काढून पाहा, आगाऊ काढल्यास काही गाड्यांवर सवलत मिळते. कार्ड नाकारले तर स्टेशनातल्या यंत्रावर किंवा खिडकीवर मिळतातच.

बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर जात असेल तर तोकाइदो (टोकियो–ओसाका मार्गाच्या) शिंकानसेनमध्ये पाठीमागे सामानाची जागा असलेली सीट आधी आरक्षित करावी लागते. त्याचे वेगळे पैसे नाहीत. न करता चढलात तर १,००० येन दंडवजा शुल्क. आपल्या घरातली सर्वांत मोठी बॅग बहुधा या मापात अडकते, निघण्याआधी टेपने मोजा. नाहीतर ती कुरिअरने हॉटेल ते हॉटेल पाठवा, दोन-तीन हजार येनमध्ये दुसऱ्या दिवशी पोहोचते.

शहरात फिरायला सुइका किंवा पास्मो हे आधी पैसे भरून वापरायचे कार्ड. आयफोनमध्ये सुइका थेट बसते. भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा बसत नाही, कारण त्यात जपानी पद्धतीची चिप नसते. मग विमानतळावर 'वेलकम सुइका' घ्या: अनामत नाही, २८ दिवस चालते, पण उरलेले पैसे परत मिळत नाहीत. टोकियो मेट्रो १८० येनपासून, क्योतोची शहर बस सरसकट २३० येन. टॅक्सीचे पहिले किलोमीटरभरच ५०० येन आणि पुढे मीटर पळतो.

बँकॉकला सुवर्णभूमीहून एअरपोर्ट रेल लिंक शहरातल्या फाया थाई स्टेशनापर्यंत ४५ बाटमध्ये अर्ध्या तासात नेते. टॅक्सी घेतली तर मीटर ३५ बाटपासून, त्यावर विमानतळाचे ५० बाट आणि टोल वेगळे. मीटर टाकायला नकार देणाऱ्याशी वाद घालू नका, ग्रॅब किंवा बोल्टच्या ॲपवरून गाडी मागवा. आणि "आज पॅलेस बंद आहे, चला दुसरीकडे नेतो" म्हणणारा टुकटुकवाला तुम्हाला रत्नांच्या दुकानात नेतो. पॅलेस उघडाच असतो, दुपारी साडेतीनपर्यंत तिकीट मिळते. फक्त गुडघे-खांदे झाकलेले हवेत.

८. पैसे कसे न्यायचे

- येन भारतातूनच थोडे घ्या, २०-३० हजार पुरे. जपानमध्ये रुपये बदलायला जागा शोधत फिरावे लागेल.
- बाट बँकॉकमध्ये बदलणे परवडते. सुवर्णभूमीच्या आगमन मजल्यावर दर वाईट असतो. तळघरात रेल लिंकच्या स्टेशनाशेजारच्या काउंटरांवर तोच बराच चांगला.
- थाई एटीएम परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी २२० ते २५० बाट कापते. एकदाच मोठी रक्कम काढा. जपानमध्ये सेव्हन-इलेव्हनमधली एटीएम भारतीय कार्डे घेतात आणि शुल्क किरकोळ असते.
- मशीनने "रुपयांत आकारू का?" विचारले की दोन्ही देशांत उत्तर एकच: नाही. बाट किंवा येन निवडा. रुपयांतला दर मशीनवाल्याच्या सोयीचा असतो.
- कार्डाचे 'आंतरराष्ट्रीय व्यवहार' भारतातच ॲपमध्ये सुरू करून निघा. तिथे गेल्यावर ओटीपी भारतीय सिमवर येतो, म्हणून रोमिंगचा स्वस्तातला पॅकही ठेवा.

९. शाकाहारींसाठी

थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत 'เจ' असे थाई चिन्ह दिसले की आत जा. त्याचा उच्चार 'जे'. त्या जेवणात मांस, मासे, अंडी, दूध नसतेच, शिवाय कांदा-लसूणही नसते. जैन मंडळींना हे बरेच सोयीचे. इतरत्र भाजीतही फिश सॉस पडतो: "माई साई नाम प्ला" म्हणजे फिश सॉस घालू नका. कोळंबीची पेस्ट वेगळी सांगावी लागते.

जपानमध्ये प्रश्न मांसाचा कमी आणि दाशीचा जास्त. माशाच्या सुक्या कापांचे हे पाणी सूप, नूडल्स, भाज्या, टोफूवरचा रस, सगळ्यांत असते आणि जपानी माणसाच्या डोक्यात ते 'मांसाहार' या खात्यात नसतेच. "भाजीचे आहे का?" याला प्रामाणिक 'हो' मिळेल आणि वाडग्यात मासा असेल. म्हणून "कात्सुओ दाशी नाही ना?" असे नाव घेऊन विचारा. कोको इचिबान्या साखळीत काही शाखांत शाकाहारी करी मिळते, टोकियो स्टेशनात टीज् तानतान ही वीगन रामेनची जागा आहे, आणि मोठ्या शहरांत भारतीय-नेपाळी हॉटेले भरपूर आहेत. चिवडा, ठेपले, खाकरे, इन्स्टंट उपमा घेऊन जायला हरकत नाही.

१०. बॅगेत काय असू नये

सर्वांत मोठी जोखीम गांजाची. बँकॉकमध्ये दुकानांवर पानाचे चित्र दिसते, गमी आणि तेलेही विकायला असतात. जपानमध्ये बाळगणे हा गुन्हा आहेच, डिसेंबर २०२४ पासून सेवनही गुन्हा आहे. थायलंड आधी करणाऱ्यांनी भेट म्हणून मिळालेली चॉकलेटसुद्धा वाचून घ्यावी. व्हेप (ई-सिगारेट) थायलंडमध्ये बेकायदा आहे, तो घरीच ठेवा.

सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते. १० टक्क्यांहून जास्त असलेले औषध जपानमध्ये नेता येत नाही, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी. नेहमीची औषधे महिनाभराची, मूळ पाकिटात, चिठ्ठीसह न्या. त्याहून जास्त न्यायची असल्यास आधी ऑनलाइन परवाना काढावा लागतो.

मांसाचे पदार्थ, अगदी बंद डब्यातले चिकन लोणचेसुद्धा, जपानच्या कस्टम्सला अडतात. थायलंडचा आंबा, ताजी फळे, कढीपत्ता यांचेही तेच. पॉवर बँक केबिनमध्येच, आणि जपानी विमानांत वरच्या कप्प्यात ठेवायची नाही.

११. खरेदीवरचा कर आणि परतीचा दिवस

जपानमध्ये एकाच दुकानात एका दिवशी ५,००० येन किंवा जास्त, कर सोडून, खरेदी झाली की पासपोर्ट दाखवून १० टक्के उपभोग कर जागीच माफ होतो. १ नोव्हेंबर २०२६ पासून ही पद्धत बदलते: आधी करासकट पैसे भरायचे आणि विमानतळावर माल दाखवून परतावा घ्यायचा. त्यानंतर जाणाऱ्यांनी अशी खरेदी चेक-इनच्या बॅगेत तळाशी भरू नये.

थायलंडचा कर ७ टक्के. परताव्यासाठी एका दुकानात एका दिवशी किमान २,००० बाटची खरेदी, आणि दुकानातूनच पिवळा फॉर्म घेतलेला हवा. विमानतळावर क्रम चुकवू नका: चेक-इनच्या आधी कस्टम्सचा शिक्का, मग सामान, मग इमिग्रेशन, आणि आत गेल्यावर परताव्याची खिडकी. बॅग आधी पट्ट्यावर गेली की शिक्का मिळत नाही.

येनची नाणी भारतात कोणी बदलून देत नाही. ५०० येनचे एक नाणे ३०० रुपयांचे असते आणि अशी पाच-सहा खिशात सहज उरतात. कन्साई विमानतळावरच्या कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये आधी नाणी द्या, उरलेली रक्कम सुइकावरून.